बाळ दहा महिन्यांचे, अंतर एकवीस किलोमीटर : एका अर्धमॅरेथॉनचे प्रकरण

हे प्रकरण गोरेगावात राहणाऱ्या आणि लोअर परळला बँकेत नोकरी करणाऱ्या ३२ वर्षांच्या एका धावपटूचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिची प्रसूती झाली. पुढच्या जानेवारीत, बाळाला दहा महिने पूर्ण व्हायच्या आधीच, ती मुंबई मॅरेथॉनमधली अर्धमॅरेथॉन धावली. या सगळ्यात दमसास कुठेच आडवा आला नाही. अडले ते पेल्विक फ्लोअर (ओटीपोटाच्या तळाशी असलेले, गर्भाशय आणि मूत्राशय पेलणारे स्नायू), दूध आणि घड्याळ या तिघांपाशी, आणि प्रत्येक वेळी निर्णय बदलावा लागला तो यांच्यामुळेच.

पार्श्वभूमी

गरोदर राहण्याआधी तिची एक अर्धमॅरेथॉन झाली होती, २ तास १६ मिनिटांत. गरोदरपणात पाचव्या महिन्यापर्यंत हलके धावणे आणि पुढे फक्त चालणे चालू होते. प्रसूती सरळ होईल असे वाटत होते. पण बराच वेळ कळा देऊनही बाळाचे डोके खाली सरकेना, तेव्हा ऐनवेळी सिझर करावे लागले.

इथेच एक गैरसमज शिरला आणि तो पुढे महागात पडला. सिझर झाले म्हणजे खालचे सगळे शाबूत, असे घरातल्या सगळ्यांनी धरले, आणि तिनेही. प्रत्यक्षात नऊ महिने गर्भाचे वजन पेल्विक फ्लोअरच्याच स्नायूंनी पेललेले असते, आणि इथे तर वरून तासभर जोरही लावला होता. शिवाय पोटाच्या भिंतीवरचा छेद निराळाच. टाके सुकले म्हणजे आतला थर पूर्ववत झाला असे नव्हे. सहाव्या आठवड्यात त्या थराची ताकद मूळच्या साधारण निम्मी असते आणि भरून यायला सहा-सात महिने लागतात.

सव्वा महिना ती माहेरी होती. मालिश, शेक, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, पोटाला पट्टा असे सगळे रीतसर झाले. यातल्या लाडवांबद्दल तक्रार नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० आणि पुढच्या सहा महिन्यांत सुमारे ५२० कॅलरी जास्त लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे (आयसीएमआर) कोष्टक सांगते. धावण्याचा खर्च त्याच्या वर. पट्ट्याने पाठीला आधार वाटतो तेही खरे, पण फाकलेले पोटाचे स्नायू पट्टा बांधून जुळत नाहीत. ते काम व्यायामाचे.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीत डॉक्टरांनी टाके पाहिले, रक्तदाब पाहिला आणि "आता सगळं नॉर्मल करायला हरकत नाही" असे सांगितले. धावायचे आहे हे तिने सांगितले नव्हते आणि त्यांनी विचारले नव्हते. "सगळं" या शब्दात धावणेही आले असे तिने धरले. सुदैवाने मे महिन्याच्या उकाड्याने तिला सोसायटीच्या आवारात चालण्यापुरतेच बाहेर पडू दिले.

प्रश्न काय होता

हृदय आणि फुप्फुसे लवकर रुळावर येतात. रोज तासभर झपझप चालणाऱ्या बाईला तिसऱ्या महिन्यात पाच किलोमीटर धावायला दम पुरतो. पेल्विक फ्लोअर, पोटाचा छेद, पोटऱ्या आणि हाडे यांचे वेळापत्रक मात्र बरेच मागे असते. पाजण्याच्या काळात हाडांची घनता काही टक्क्यांनी उतरते आणि पाजणे कमी झाल्यावर भरून येते. म्हणजे तब्येत बरी वाटायला लागते तेव्हाच जखमी होण्याचा धोका जास्त. त्यात मॅरेथॉनची तारीख जानेवारीतल्या रविवारला खिळलेली. प्रसूतीपासून ती तारीख बेचाळीस-त्रेचाळीस आठवड्यांवर येत होती.

चौदाव्या आठवड्यातली तपासणी

ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टनी २०१९ मध्ये प्रसूतीनंतर धावण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रसूती कशीही झालेली असो, बारा आठवड्यांच्या आत धावू नये, आणि बारा झाल्यावरही काही चाचण्या पार केल्याशिवाय सुरू करू नये, असा त्यांचा गाभा आहे. एका मैत्रिणीच्या आग्रहावरून जुलैच्या सुरुवातीला ती या विषयातल्या फिजिओकडे गेली. चाचण्या घरीही करता येण्याजोग्या आहेत, म्हणून तिच्या निकालासह देतो.

तीस मिनिटे सलग चालणे : जमले. एका पायावर दहा सेकंद तोल : जमला. एका पायावर दहा वेळा अर्धवट बसून उठणे : उजवीकडे जमले, डावीकडे गुडघा आत वळत होता. जागच्या जागी एक मिनिट जॉगिंग : जमले. एका पायावर जागच्या जागी दहा उड्या : सहाव्या उडीला लघवीचे थेंब निसटले. एका पायावर टाच उचलणे, अपेक्षा वीस वेळा : उजव्या पायावर चौदा, डाव्यावर अकरा. पाठीवर झोपून डोके उचलल्यावर बेंबीच्या वर अडीच बोटे फट लागली, आणि मधोमध उंचवटा येत होता.

उड्यांमध्ये थेंब जाणे ही पुढे ढकलण्याची खूण होती. ओटीपोटात जडपणा, काहीतरी खाली उतरल्यासारखे वाटणे किंवा योनीमार्गात फुगवटा जाणवला असता, तर ढकलण्यावर भागले नसते, स्त्रीरोगतज्ज्ञ गाठावे लागले असते. तसे काही नव्हते. धावणे चार आठवडे पुढे गेले.

ते चार आठवडे असे : पेल्विक फ्लोअर आत-वर ओढून आठ ते दहा सेकंद धरणे, अशी दहा आकुंचने, दिवसातून तीनदा, आणि शेवटी दहा झटपट आकुंचने. श्वास सोडताना आवळायचे, रोखून धरायचा नाही. लघवी मध्येच थांबवून सराव करायचा नाही, त्याने मूत्राशय नीट रिकामे न होण्याची सवय लागते. आठवड्यातून तीनदा जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणे, एका पायाचा ब्रिज (पाठीवर झोपून एका पायाच्या जोरावर कंबर उचलणे), खुर्चीवरून एका पायावर उठणे. नंतर पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलोची तांदळाची पिशवी. चार आठवड्यांनी उड्या कोरड्या झाल्या. टाच उचलणे डावीकडे अठरावर आले आणि तेवढे चालेल असे ठरले.

नोंदणीच्या वेळचे पर्याय

जुलैअखेर धाव-चाल सुरू झाली : एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा, आठवड्यातून तीन दिवस. चोवीस तासांत लक्षण दिसले नाही तरच पुढच्या आठवड्यात धावण्याचा वेळ वाढवायचा. पावसाळ्यामुळे सगळे सोसायटीच्या पोडियमवरच्या (पार्किंगवरच्या मोकळ्या मजल्यावरच्या) फेऱ्यांत. ओल्या पेव्हर ब्लॉकवर घसरण्यापेक्षा कंटाळा परवडला, आणि साचलेल्या पाण्यातून धावायचे नाही हा नियम मुंबईत लेप्टोमुळे (अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापामुळे) एरवीही पाळावाच.

ऑगस्टमध्ये नोंदणीचा प्रश्न आला तेव्हा ती अजून सलग पाच मिनिटेही धावत नव्हती. पर्याय तीन होते. पहिला, त्याच दिवशीची १० किलोमीटरची शर्यत. दुसरा, पुढच्या वर्षी. तिसरा, अर्धमॅरेथॉनला नाव घालायचे, पण शुल्क बुडीत धरून, आणि मध्ये तीन फाटके ठेवायची : सप्टेंबरअखेर ५ किलोमीटर सलग, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत १२, डिसेंबरअखेर १७. प्रत्येक अंतर लक्षणाशिवाय व्हायला हवे. एक जरी फाटक बंद सापडले तर जानेवारीत घरी बसायचे.

फिजिओचे मत १० किलोमीटरकडे होते आणि आमचेही तेच असते. तिने तिसरा पर्याय घेतला. सासूबाईंचा विरोध सरळ होता : "बाळ अजून बसायला लागलं नाही, आणि तुला पळायचं सुचतंय." रविवारी पहाटे बाळ कोण घेणार, हा त्यामागचा खरा प्रश्न होता. नवऱ्याने रविवारची पहाट आपल्याकडे घेतली तेव्हा तो सुटला.

सप्टेंबर : नोकरी आणि रक्त

सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा सप्टेंबरच्या मध्यावर संपली. गोरेगाव ते लोअर परळ लोकलने, ऑफिसात दोनदा पंपिंग, काढलेले दूध पॅन्ट्रीतल्या फ्रिजमध्ये आणि येताना बर्फाच्या पिशवीतून घरी. याच सुमारास बाळाचे उष्टावण झाले आणि दिवसाच्या पाजण्या हळूहळू कमी होऊ लागल्या.

थकवा मात्र झोपेच्या हिशेबात बसेना. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन १०.२ आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचे माप, ९. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. सिझरमधला रक्तस्राव आणि नंतर सुटलेल्या लोहाच्या गोळ्या, अशी कारणे समोरच होती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्या लिंबू-पाण्याबरोबर घ्यायच्या आणि आधी-नंतर तासभर चहा टाळायचा. मराठी घरात हा दुसरा भाग गोळ्यांपेक्षा अवघड.

पहिले फाटक महिनाअखेर उघडले. पाच किलोमीटर, किलोमीटरला पावणेआठ मिनिटांनी, कोरडे.

ऑक्टोबर : थेंब परत आले

पाऊस ओसरल्यावर ती आरेतल्या रस्त्यांवर जाऊ लागली. तिथे झाडी आहे, पहाटे रहदारी कमी असते, पण रस्ता चढ-उताराचा. दुसऱ्याच आठवड्यात, सहाव्या किलोमीटरला, उतारावर लघवी निसटली. दोन दिवसांनी पुन्हा.

उतारावर पाऊल शरीराच्या पुढे पडते, आदळ वाढते आणि पोटातला दाब खाली जातो. हे एक कारण. ऑक्टोबरच्या घामाला घाबरून ती निघण्यापूर्वी पाऊण लिटर पाणी एकदम पीत होती. हे दुसरे. तिसरे कारण फिजिओने विचारल्यावर निघाले : लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ झाले होते आणि ती रोज सकाळी कुंथत होती. सकाळी सहाला कुंथून थकलेल्या पेल्विक फ्लोअरला साडेसहाला उतारावर नेले जात होते. रक्तक्षयावरचा उपाय अशा वाटेने गळतीपर्यंत पोचला होता.

पर्याय पुन्हा तीन. पॅड लावून कार्यक्रम तसाच पुढे न्यायचा. मुंबईतल्या धावणाऱ्या कितीतरी आया हेच करतात आणि कुणाला सांगत नाहीत. धावणे पूर्ण थांबवायचे. किंवा भार उतरवून कारणे एकेक काढायची. जडपणा किंवा फुगवटा नव्हता, म्हणून थांबण्याची गरज नव्हती. पॅडने कपडे वाचतात, स्नायूंचे काही होत नाही, म्हणून नुसता पॅडही नको. तीन आठवडे अंतर ४ किलोमीटरवर आणले, फक्त सपाट रस्ता. डॉक्टरांना विचारून गोळी एक दिवसाआड केली. लोहाचे शोषण तशानेही चांगले होते. रात्री इसबगोल, सकाळी पपई, आणि कमोडवर बसताना पायांखाली पाट. पाणी तासभर आधीपासून घोट घोट. केडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावले, १५८ वरून घड्याळातल्या ठोक्यांवर १६६ पर्यंत नेली. पाऊल आखूड पडले की आदळही कमी होते.

चौथ्या आठवड्यात ७ किलोमीटर कोरडे झाले. यातले नेमके कशाने काम केले हे सांगता येणार नाही, कारण सगळे एकदम बदलले होते. आमचा अंदाज बद्धकोष्ठावर आहे.

नोव्हेंबर : सहा तासांचे अंतर

दुसरे फाटक बाराचे होते. एका रविवारी ती धावण्याच्या ग्रुपबरोबर मरीन ड्राइव्हला गेली आणि तेरा किलोमीटर आरामात झाले. रात्री थंडी वाजून १०२ ताप आला. डाव्या स्तनावर लाल, तापलेला, दुखरा पट्टा उमटला होता.

हिशेब मांडला तर असा : बाळाला शेवटचे पाजले पावणेचारला. साडेपाच ते सव्वासात धावणे. मग ग्रुपबरोबर इडली-कॉफी, रविवारची रेंगाळणारी लोकल, आणि घरी पोहोचून बाळाला घेईपर्यंत पावणेदहा. कार्यक्रमाच्या कागदावर जे पावणेदोन तास होते, ते दुधाच्या दृष्टीने सहा तास. त्यात दूध भरपूर होते त्या काळातली, पट्ट्याने आवळणारी स्पोर्ट्‌स ब्रा. तिची खालची शिवण नेमकी त्या लाल पट्ट्यावर.

घरात गरम शेक आणि जोरात चोळून गाठ फोडण्याचा सल्ला तयार होता. अ‍ॅकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने २०२२ मध्ये दिलेले मार्गदर्शन नेमके उलटे आहे : थंड शेक, जोरात मालिश नाही, नेहमीसारखे पाजत राहणे, आणि स्तन पुरते रिकामे करण्यासाठी पंप लावून बसायचे नाही. जास्त उपसले की दूध जास्त बनते आणि सूज वाढते. डॉक्टरांनी तपासून प्रतिजैविक दिले, पाजणे चालूच राहिले. ताप तिसऱ्या दिवशी उतरला, पण अशक्तपणा धरून दहा दिवस गेले.

यानंतर लाँग रनची, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब धावेची, आखणीच बदलली. मोजायचे ते दोन पाजण्यांमधले अंतर, दारापासून दारापर्यंत. डिसेंबरभर चार तासांच्या आत. मार्ग घराभोवतीच्या पाच किलोमीटरच्या वेढ्यांचा, म्हणजे बाळ उठले तर नवरा फोन करील आणि ती अर्ध्या तासात घरी. निघताना पाजूनही दाटल्यासारखे वाटले तर थोडे हाताने काढायचे. ब्रा नव्या मापाची, पुढून चेन असलेली. नवऱ्याने रात्री दोनची पाजणी बाटलीने द्यावी, म्हणजे तिला सलग झोप मिळेल, ही कल्पना एकदाच करून सोडली. पाजणी चुकली की पहाटे स्तन दगडासारखे होत. झोप हवी की दूध मोकळे हवे, दोन्ही एकाच रात्री जमत नव्हते.

डिसेंबर : फाटकाला दिलेली सूट

गेलेल्या दहा दिवसांमुळे १७ चे फाटक हुकले. डिसेंबरअखेर १४ झाले, जानेवारीच्या पहिल्या रविवारी १६, चार मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे या पद्धतीने. थेंब नाही, दुसऱ्या दिवशी नडगीत दुखणे नाही, एका पायावरची उडी वेदनेशिवाय.

ठरल्याप्रमाणे नाव मागे घ्यायला हवे होते. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात १८ रेटण्याचाही विचार झाला. तो सोडला हे बरे, कारण इतक्या उशिरा केलेल्या अंतराचा फायदा शर्यतीला मिळत नाही, थकवा तेवढा मिळतो. शेवटी १६ ला मान्यता दिली गेली : पहिल्या किलोमीटरपासून ४-१, वेळेचे लक्ष्य नाही, आणि जडपणा किंवा हाडावर एका बिंदूत दुखणे जाणवले तर तिथेच बाहेर. ही सूट आम्हाला पटते, कारण ती अंतराला दिली होती. लक्षणांना दिली असती तर पटली नसती.

शर्यतीचा दिवस

त्या वर्षी अर्धमॅरेथॉन माहीमच्या रेतीबंदरहून पहाटे पाचला सुटणार होती आणि सी लिंक, वरळी, हाजी अली, पेडर रोड, मरीन ड्राइव्ह करत सीएसएमटीला संपणार होती. गोरेगावहून निघायचे तर शेवटची पाजणी पावणेतीनला आणि पुढची साडेनऊच्या पुढे, म्हणजे जवळजवळ सात तास. बाळाला शेवटच्या रेषेजवळ आणायचे तर बंद रस्ते आणि गर्दी.

माहीमला तिच्या आत्याचे घर होते. आदल्या संध्याकाळी तिघे तिथे मुक्कामाला गेले. पाजणी चारला, चालत सुरुवातीच्या जागी, धावपटूंच्या मागच्या कप्प्यातून प्रत्यक्ष रेषा ओलांडली पाच-पंचवीसला. सीएसएमटीहून हार्बर लोकल थेट माहीमला येते, हा या आराखड्यातला सगळ्यात उपयोगी तुकडा. मेगाब्लॉक (रविवारी देखभालीसाठी लोकल बंद) असला तरी तो एरवी अकराच्या सुमारास सुरू होतो.

खाणे दर पंचेचाळीस मिनिटांनी दोन खजूर आणि पाण्याचे घोट. पेडर रोडचा चढ पूर्ण चालून. चौपाटीकडच्या उतारावर थोडे थेंब गेले, तिथून ती दोन मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे यावर आली. वेळ २ तास ५३ मिनिटे. शेवटी नवरा हातपंप आणि ओढणी घेऊन थांबला होता. दाटलेपणा हलका होईल इतकेच दूध काढले. नऊ-वीसला माहीम, बाळ अंगावर. अंतर पाच तास वीस मिनिटे.

परिणाम

दोन आठवडे फक्त चालणे. थेंबांची तक्रार पाच आठवड्यांत गेली. स्तनाला पुन्हा काही झाले नाही आणि पाजणे पुढेही चालू राहिले. मार्चमध्ये हिमोग्लोबिन १२.१ होते.

वेगळे काय करता आले असते

फिजिओची भेट चौदाव्याऐवजी सहाव्या ते आठव्या आठवड्यात व्हायला हवी होती. धावायची परवानगी तेव्हा मिळाली नसती, पण व्यायाम दीड महिना आधी सुरू झाले असते. सहाव्या आठवड्याच्या तपासणीलाच "मला धावायचे आहे" हे शब्द उच्चारायला हवे होते आणि त्याच वेळी रक्त तपासून घ्यायला हवे होते. लोहाची गोळी आणि कोठा साफ ठेवण्याचा उपाय एकाच दिवशी सुरू व्हायला हवे. १० किलोमीटरची शर्यत निवडली असती तर नोव्हेंबरचा आजार बहुधा टळला असता, कारण त्या अंतराच्या तयारीला पहाटे चारला घर सोडावे लागत नाही. आरेचे उतार नोव्हेंबरनंतर थोडे थोडे परत घ्यायला हवे होते. संपूर्ण तयारी सपाटीवर झाली आणि पेडर रोडच्या पलीकडे त्याचा हिशेब चुकता झाला.

माहीमच्या मुक्कामाची तालीमही आधी व्हायला हवी होती. नव्या घरात, नव्या पंख्याच्या आवाजात बाळ रात्री चार वेळा उठले आणि तिची झोप दोन तासांच्या आत राहिली. आठवडाभर आधी एक रात्र तिथे काढली असती, बाळाची नेहमीची गोधडी सोबत नेली असती आणि पाळणा भिंतीशी कुठे बसतो हे पाहून ठेवले असते, तर निदान एक-दोन उठणी वाचली असती.